तीन नंबरच्या टेबलावरचं टपाल

पत्रांवर इतका जीव असलेला आणि पत्रांचं इतकं वाटोळं केलेला दुसरा माणूस सबंध मराठवाड्यात सापडायचा नाही. आमच्या थोरल्या मेहुण्यांनी या दोन्ही गोष्टी एकाच निष्ठेनं केल्या. ते एका सरकारी कचेरीत बारनिशीत होते. बारनिशी म्हणजे आलेल्या आणि गेलेल्या टपालाची नोंद ठेवणारं टेबल. तीसहून अधिक वर्षं ते त्या एकाच टेबलावर बसले. बढती दोनदा चालून आली, ती त्यांनी लेखी नाकारली, कारण वरच्या टेबलावर फायली असतात, टपाल नसतं. "टपालाशिवाय माणसानं दिवसभर करायचं काय?" असं त्यांनी साहेबाला विचारलं होतं म्हणतात. निवृत्त होईतो त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले होते. डॉक्टरांनी त्याचं वेगळं कारण सांगितलं, पण वहिनींचं म्हणणं असं की जन्मभर धाडधाड शिक्के मारले, त्यातच कान गेले.

कचेरी सुटली तरी बारनिशी सुटली नाही. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घरी आलेली लग्नपत्रिका आधी आवक रजिस्टरात चढते, तिच्यावर क्रमांक पडतो, तारीख पडते आणि 'कार्यवाहीस्तव' असा शेरा होऊन ती स्वयंपाकघरात वहिनींकडे जाते. दूधवाल्यानं 'उद्या येणार नाही' असं पाकिटाच्या कागदावर लिहून ठेवलं तर त्यालाही क्रमांक पडतो. ज्या दिवशी काहीच आलं नाही त्या दिवसापुढं ते सुंदर अक्षरात 'निरंक' लिहितात. बोलणंही तसंच. "चहा झाला का?" असं विचारलं, म्हणजे ओरडून विचारलं, तर "चहा घेण्यात आला" असं उत्तर येतं. कुणी घेतला ते बशीतल्या डागांवरून ओळखायचं. वहिनी पाचोडच्या बाजूच्या शेतकरी घरातल्या. त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, "दाजी, लग्नात अंतरपाट धरला व्हता म्हणून वाचले. नायतर ह्यांनी माझ्या कपाळावर आवक नंबर टाकूनच मला घरात घेतलं असतं." मेहुण्यांना ऐकू आलं नव्हतं. ते हसले, कारण आम्ही हसलो होतो.

या माणसाची धाकटी बहीण माझी पत्नी. घरात तिला बेबी म्हणत. ती जाऊन अडीच वर्षं होत आली. आम्ही नागपुरात राहत होतो. ती शाळेत शिकवायची आणि मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होतो. मेहुण्यांचे कान गेल्यावर बहीणभावांचं फोनवरचं बोलणं थांबलं, तेव्हा तिनं दर बुधवारी संध्याकाळी त्यांना ईमेल लिहायला सुरुवात केली. सहा वर्षं एक बुधवार चुकला नाही. ती पत्रं तिनं शाळेनं शिक्षकांना दिलेल्या खात्यावरून लिहिली होती, आणि ती गेल्यावर ते खातं नियमाप्रमाणं बंद झालं. हे मला कळलं तेव्हा त्यातलं काही परत मिळण्यासारखं उरलं नव्हतं. सगळा जन्म पुस्तकांच्या नोंदी ठेवण्यात गेलेल्या मला माझ्या घरातली ही पत्रं कुठं राहतात, हे विचारायचंही सुचलं नाही. तिच्या हातचं लेखन म्हणून आता माझ्याजवळ किराण्याच्या काही याद्या आहेत आणि एका पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिलेलं 'फार कंटाळवाणं आहे' एवढं वाक्य आहे. बाकी जे काही होतं ते मेहुण्यांच्या खात्यात होतं. ते मला हवं होतं.

ते खातं उघडलं होतं गावातल्या जुन्या बाजारपेठेत, शहागंजात. तिथं पहिल्या मजल्यावर सलीमभाईंचं इंटरनेटचं दुकान होतं. सहा कॉम्प्युटर, एक झेरॉक्स, आणि खिडकीतून येणारा खालच्या बाजाराचा कालवा, ज्याचा आमच्या मेहुण्यांना काहीच त्रास नव्हता. सलीमभाईंनी त्यांना तीन नंबरच्या कॉम्प्युटरवर बसवलं, खातं उघडून दिलं आणि पासवर्ड त्या कॉम्प्युटरलाच लक्षात ठेवायला सांगितला. त्यामुळं दर गुरुवारी सकाळी मेहुणे तिथं जाऊन बसले की एका टिचकीसरशी बेबीचं पत्र समोर. झालं. मेहुण्यांचा सिद्धांत त्या दिवशी तयार झाला तो कायमचा. पत्र ज्या टेबलावरून गेलं, त्याचं उत्तर त्याच टेबलावर येणार. हा बारनिशीचा पहिला नियम आहे. त्यांचं टपालाचं टेबल म्हणजे शहागंजातला तीन नंबरचा कॉम्प्युटर. घराच्या फाटकावर नावाच्या पाटीखाली त्यांनी ईमेलचा पत्ता रंगवून घेतला, आणि त्याच्यापुढं कंसात 'शहागंज'.

तीन नंबरवर दुसरं कुणी बसलेलं असलं की ते दारातल्या स्टुलावर थांबत. एकदा सलीमभाईंनी फारच आग्रह केला, "चचा, पाच नंबर पे बैठो ना, सब एकीच है." हे बसले. आता त्याआधी पाच नंबरवर बसलेला कुणी तरुण आपलं खातं बंद न करताच उठून गेला होता. मेहुण्यांनी टिचकी मारली आणि त्या तरुणाचं सगळं टपाल उघडलं. तिथं एका मुलीच्या वडिलांचं पत्र आलेलं होतं. मुलाच्या पत्रिकेत मंगळ आहे का, अशी नम्र विचारणा होती. मेहुण्यांनी ते दोनदा वाचलं आणि चुकीच्या टेबलावर आलेल्या टपालाचं जे करायचं असतं ते केलं. उत्तर पाठवलं, "उपरोक्त विषय या टेबलाशी संबंधित नाही. कृपया योग्य त्या ठिकाणी संपर्क साधावा." पुढं ते लग्न वाचवायला सलीमभाईंना स्वतः मुलीच्या घरी जाऊन बसावं लागलं. मेहुण्यांच्या मते मात्र या प्रसंगानं सगळं शाबीत झालं. "बघ," त्यांनी बेबीला लिहून कळवलं, "पाच नंबरला पाच नंबरवाल्याचं टपाल येतं. मी म्हणत नव्हतो?" बेबी ते वाचून इतकी हसली होती की तिला पाणी द्यावं लागलं. मी पुस्तकातून डोकं वर काढून "काय झालं?" म्हणालो, तर "दादा," एवढंच म्हणून ती पुन्हा हसायला लागली.

ती गेली त्यानंतरच्या गुरुवारीही मेहुणे शहागंजात गेले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. वहिनींनी मला हे नंतर सांगितलं. "आवं, कुणाचं पत्र बघाया जाता?" असं त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, तर मेहुणे म्हणाले, "टेबल उघडं ठेवावं लागतं." असे सातआठ महिने गेले. मग लोकांच्या हातात मोबाइल झाले म्हणून असेल, किंवा जागेच्या मालकाला जागा हवी झाली म्हणून असेल, सलीमभाईंचं दुकान बंद झालं. एका गुरुवारी मेहुणे जिना चढून गेले तर वर कुलूप. ते घरी आले, रजिस्टरात 'कार्यालय बंद' असं लिहिलं, आणि बेबीची सगळी पत्रं त्या कुलपाच्या आत राहिली, अशी त्यांची खात्री झाली.

नागपुरात मी एकटा दोन-सव्वादोन वर्षं रेटत राहिलो. मग मला मेहुण्यांचं पोस्टानं पत्र आलं. विषय : कायमस्वरूपी वास्तव्यास येणेबाबत. मजकूर दोन ओळींचा होता. वरची खोली रिकामी आहे, पुस्तकांसाठी फळ्या ठोकण्यात आल्या आहेत. सोबत जोडपत्र म्हणून फळ्यांची लांबी-रुंदी होती. मी आलो.

इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्याकडं पत्रांचा विषय काढला. विषय काढला म्हणजे चिठ्ठीवर लिहून समोर ठेवला. त्यांनी खेदानं मान हलवली. "दाजी, पत्रं तीन नंबरात. अन् तीन नंबर कुठं गेला, देव जाणे. भंगारात घातला असंल सलीमनं." मी लिहिलं, पत्रं कॉम्प्युटरात नसतात, ती दुसरीकडं असतात, कुठूनही बघता येतात. 'दुसरीकडं' या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलनं रेघ मारली. कुठं? मी ग्रंथपालासारखा विचार केला आणि लिहिलं, समजा एक मोठं ग्रंथालय आहे, आपली ओळख पटवली की कोणत्याही खिडकीतून आपलंच पुस्तक मिळतं. त्यांना हे आवडलं. "असं व्हय! मग ते ग्रंथालय कोणत्या गावात?" परदेशात कुठंतरी असेल, असं मी लिहिलं. त्यांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. मग वहिनींना हाक मारून म्हणाले, "ऐकलं का? बेबी कधी मुंबईच्या पुढं गेली नाय. अन् दाजी म्हणतेत, तिची पत्रं परदेशात हायेत."

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "त्यांचं माणूस गेलंय. बोलू द्या त्यांना."

मी पाच-सहा दिवस शिकवलं. वहीत आकृत्या काढल्या. तीन नंबरला पासवर्ड पाठ होता म्हणून पत्रं तिथंच दिसत होती, हे बाण काढून दाखवलं. सहाव्या दिवशी त्यांना पटलं. पटल्यावर त्यांचा चेहरा जो खुलला, तो पाहून मलाही क्षणभर सगळं सोपं वाटलं. "म्हंजी पासवर्ड पाहिजे फक्त! तो हाय की माझ्याजवळ. गोपनीय." पासवर्ड त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून लाखेच्या शिक्क्याच्या पाकिटात घातला होता, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि ते ज्वारीच्या कणगीत. आम्ही तिघंही कणगीपाशी गेलो. तिथं पोचल्यावर मेहुणे थांबले आणि त्यांचा हात खाली आला. दुकान बंद झाल्यावर, टेबलच नाही तर किल्ली कशाला, म्हणून त्यांनी त्या पाकिटाचं वर्गीकरण केलं होतं. सरकारी कागदाचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. अ वर्गाचे कायम ठेवायचे, ड वर्गाचे वर्षानं नष्ट करायचे. पासवर्ड त्यांनी ड वर्गात टाकला होता. वर्ष झाल्यावर तो नियमाप्रमाणं जाळण्यात आला होता, आणि जाळल्याची नोंदही होती. ती त्यांनी मला काढून दाखवली.

"पाठ असेल की!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो.

"गोपनीय कागद पाठ करायचा नसतो, दाजी," ते हळूच म्हणाले.

त्याच महिन्यात मी वर्तमानपत्रात वाचलं की दोन वर्षं कुणी न उघडलेली ईमेलची खाती कंपन्या बंद करून टाकतात, आतल्या मजकुरासकट. मी बोटं मोजली. दुकान बंद झालं त्याला दोन वर्षं व्हायला दीड महिना उरला होता. मोबाइलवर मी मेहुण्यांचा पत्ता टाकून पाहिला, पासवर्ड विसरलो असं सांगितलं, तेव्हा त्या खात्यानं एक सांकेतिक आकडा पाठवायची तयारी दाखवली. पण पाठवायचा तो कुठल्या फोनवर, तर ज्याचे शेवटचे दोन अंक अमुक आहेत अशा. मेहुण्यांना आयुष्यात स्वतःचा फोन नव्हता. वहिनींचा नंबर तो नव्हता, माझाही नाही, बेबीचाही नाही. दोन दिवस मी त्या दोन अंकांकडं पाहत काढले. मग वहिनीच म्हणाल्या, "खातं काढून दिलं कुणी? त्यानंच आपला नंबर घातला असंल की. आमच्या गावात कुणाचंबी फारम भरायचं असलं तर पुढं सरपंचाचाच नंबर."

सलीमभाईंचा नंबर मेहुण्यांच्या रजिस्टरात नव्हता, कारण फोन त्यांच्या लेखी टपाल नव्हे. शहागंजात विचारत गेलो. खालच्या खजूरवाल्यानं सांगितलं, ते आता बाजाराच्या गावांना फिरतात, मोबाइलची कव्हरं आणि चार्जर विकतात, पाचोडच्या आठवडी बाजारात हमखास भेटतील. बाजाराच्या दिवशी मेहुणे इस्त्रीचा शर्ट घालून, बगलेत आवक-जावकाची दोन्ही रजिस्टरं घेऊन एसटीत माझ्या शेजारी बसले. रस्ताभर ते रजिस्टरांच्या कडा सारख्या करत होते. फक्त एकदा म्हणाले, "दाजी, सापडली तर मला बी वाचायला द्या. तुम्ही वाचल्यावर."

मिरच्यांच्या ढिगाच्या आणि चपलांच्या पालाच्या मध्ये सलीमभाई बसले होते. मेहुण्यांना पाहून ते उभेच राहिले. "या अल्ला, चचा! तीन नंबर!" त्यांनी आम्हाला खोक्यांवर बसवलं, चहा मागवला. मी भीत भीत त्यांना ते दोन अंक सांगितले. तो नंबर अजून आहे का?

सलीमभाईंनी गल्ल्यामागून एक पानाचा डबा काढला, त्यातून दोरीनं बांधलेला जुना बटणांचा फोन काढला. "हौ ना, है. मेरा नंबर दुसरा है अबी, पर इसकू बंद नई करता मैं. आधे शहागंज के बुजुर्गां के खाते इसीच पे है. कबी किसी का आकडा आता, कबी किसी का. चार बुजुर्गां तो गुजर बी गए. उनके बच्चे आते ढूँढते हुए." मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "चचा की बहन का सुना मैं. बहुत हँसाते थे चचा उनकू. हँसने के निशान बना बना के भेजते थे वो, चचाइच बोले थे."

मी मोबाइलवर टिचकी मारली. मिरचीनं सगळ्यांच्या डोळ्यांना पाणी आलेलं होतं, त्यामुळं त्या वेळी कुणी कुणाकडं बघण्याचा प्रश्न नव्हता. पानाच्या डब्यातला फोन थरथरला. सलीमभाईंनी आकडा वाचला, मी तो भरला, नवा पासवर्ड टाकला, आणि खातं उघडलं.

आत जाहिराती होत्या. बेबीचं एकही पत्र नव्हतं.

मी यादीत वर गेलो, खाली आलो, तिचं नाव टाकून शोधलं. काही नाही. मेहुणे माझ्या तोंडाकडं पाहत होते. त्यांना कळलं असावं, कारण ते समजूत घालत म्हणाले, "असं वर नाय सापडायचं. उत्तर दिलं की पत्र निकाली. निकाली पत्र टेबलावर ठेवत नसतेत. खाली रेकॉर्डला बघा." कुठं रेकॉर्डला? त्यांनी चष्मा लावून माझ्या मोबाइलवर बोट ठेवलं. ते बोट टोपलीच्या चित्रावर होतं.

त्यांच्या कचेरीत निकाली निघालेल्या फायलींचे बस्ते बांधून शिपाई ते टोपलीत घालून तळघरातल्या रेकॉर्डखोलीत नेत असे. तिथं निजामाच्या काळातला कागदसुद्धा मागितला तर धूळ झटकून मिळायचा. ईमेलच्या पानावर टोपली पाहिल्याबरोबर मेहुण्यांनी ओळखलं, रेकॉर्डखोली. सहा वर्षं दर गुरुवारी बेबीचं पत्र वाचून, उत्तर धाडून, त्यांनी ते पत्र स्वतःच्या हातानं, जपून, कायमचं राहावं म्हणून त्या टोपलीत ठेवलं होतं.

ती कचऱ्याची टोपली दर तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. हे वाक्य मला त्या भरल्या बाजारात, एका बहिऱ्या माणसाच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांना ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा चपलावाल्यानं आणि त्याच्या गिऱ्हाइकानंही माना वळवून पाहिलं.

मेहुण्यांनी चष्मा काढला.

"कुणाच्या आदेशानं?" त्यांनी विचारलं.

मी मोबाइलकडं बोट दाखवलं. "कुणाच्या सहीनं? नोटीस नाय, यादी नाय?" ते सलीमभाईंकडं वळले, "सलीम, तू तिथंच बसायचा. तुला म्हाईत व्हतं?" सलीमभाईंनी कानांना हात लावले. "चचा, मैं कैसा देखूँ? खत था ना वो आपका." मग मेहुणे रजिस्टरं मांडीवर घेऊन बसून राहिले. मला राग आला होता, हे लिहिलं पाहिजे. त्या म्हाताऱ्या माणसाला गदागदा हलवावं असं मला वाटलं. पण पत्रं कुठं राहतात हे मला तरी कधी माहीत होतं? त्यांनी निदान जपायची म्हणून कुठंतरी ठेवली होती. मी तर ती लिहिली जात होती तेव्हा तिच्याकडं पाठ करून वाचत होतो.

चहा गार झाल्यावर सलीमभाई म्हणाले, "आवक गया. जावक तो देखो. चचा का जावक कौन निकाली काढेगा?"

जावक सगळं होतं. पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात मेहुण्यांची उत्तरं ओळीनं लागलेली होती, सहा वर्षांची, एकही गाळलेलं नाही. उत्तराखाली मूळ पत्र आपोआप जोडलेलं असतं, असं मी ऐकून होतो, म्हणून अधीरपणे पहिलं उघडलं. पण मेहुणे दर वेळी कोऱ्या पानावर उत्तर लिहीत. पत्राच्या बुडाला पत्र डकवणं हा त्यांच्या मते गलथानपणा होता. बेबीचा एकही शब्द त्यात नव्हता.

परतीच्या एसटीत मी ती उत्तरं वाचू लागलो, वाचण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. "मुद्दा १. गॅलरीतली जाई फुलली, आनंद झाला. मुद्दा २. दाजी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधतात, नोंद घेतली. मुद्दा ३. तुला वर्गातल्या त्या मुलीची काळजी वाटते, तिचे नाव पुन्हा कळवावे, अक्षर लागले नाही." ईमेलमधलं अक्षर कसं लागलं नाही, ते त्यांनाच ठाऊक. दुसऱ्या एका पत्रात, "मुद्दा ४. आईच्या हातच्या धपाट्यांची आठवण. मलाही आली. सविस्तर लिहवत नाही." तिनं काय लिहिलं असेल ते या मुद्द्यांच्या आड उभं होतं. पडद्यामागं कुणी बोलत असावं आणि इकडं नुसतं हुंकार देणाऱ्याचं ऐकू यावं, तसं. मी एकेक मुद्दा तिच्या आवाजात उलटा करून पाहत होतो. कधी जमत होतं, कधी नाही.

शेवटच्या वर्षातल्या एका पत्राशी मी थांबलो. "मुद्दा ५. तपासणीचा निकाल वाचला. तीन वेळा वाचला. दाजींना तूर्त सांगू नये, ही तुझी विनंती. मान्य नाही. परंतु पाळण्यात येईल."

तारीख पाहिली. मला तिचा आजार कळला त्याच्या चार महिने आधीची होती.

शेजारी मेहुणे खिडकीला डोकं टेकून झोपले होते, किंवा तसं दाखवत होते. दुसऱ्या दिवशी एका चिठ्ठीवर फक्त 'मुद्दा ५?' असं लिहून ती त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती रजिस्टरात न चढवता खिशात घातली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी मी वरच्या खोलीत असताना ते जिना चढून आले, धापा टाकत फळ्यांपाशी उभे राहिले आणि पुस्तकांकडं तोंड करूनच बोलले.

"मी तिला दोनदा लिहिलं, दाजींना सांग म्हणून. तिचं उत्तर आलं. ते मी पाठ केलं व्हतं, तेवढं एकच." त्यांचा आवाज, बहिऱ्या माणसाचा असतो तसा, नको इतका मोठा होता. "तिनं लिहिलं, 'दादा, यांना कळलं की हे माझ्याशी बोलायचं सोडून माझी काळजी करायला लागतील. मला अजून थोडे दिवस यांच्याशी बोलायचंय.' एवढंच व्हतं."

ते खाली गेले. वाक्य तिचंच होतं. मेहुण्यांच्या भाषेत असं वाक्य बसतच नाही. मला कळेपर्यंत तिच्याजवळ चार महिने होते, आणि ते तिनं माझ्याशी बोलण्यात घालवले. काय बोललो आम्ही, ते मी हल्ली रोज सकाळी आठवून पाहतो. फारसं हाती लागत नाही. रोजचंच काहीतरी बोलत असू.